पुढच्या दाराने

इद्वलने बेत आखला तो एकट्यानेच. आखल्यावर तो त्याला इतका सरळ वाटला, की हे आधी का सुचलं नाही म्हणून त्याने स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतली. त्याच्या बायकोला, नेस्ताला, घरी जायचं होतं. दीड वर्ष झालं, बाई दुसरं काही मागतच नव्हती. दुपारचं जेवण झालं की कोट चढवायची, पर्स काखोटीला मारायची आणि दाराची मूठ खडखडवत उभी राहायची. "चल ना रे, घरी जाऊ. आई वाट बघत असेल." आई केव्हाच देवाघरी गेली होती. इद्वल म्हणायचा, "अगं, हेच आपलं घर." मग ती गावातल्या त्या दोन खोल्यांकडे अशी बघायची, की कुणी तिला बसस्टॉपवर आणून बसवलंय आणि वर सांगतंय, रहा इथेच. मग रडायची. रडून भागलं नाही की मारायची. इद्वलच्या हातांवर कायम दोन-चार निळे डाग असायचे. कुणी विचारलं तर तो दाराला आपटलो म्हणायचा. एका माणसाने दाराला आपटायचं तरी किती, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

घर म्हणजे तिचं माहेर, वेल्समधलं ब्रिनकेलिन. ते काही कुठे उडून गेलं नव्हतं. डोंगराच्या पोटाशी, हॉली नावाच्या काटेरी झाडांच्या आडोशाला होतं तिथेच होतं. फक्त आत माणसं दुसरी होती. नेस्ताच्या भावाने आधी मेंढरं विकली, मग कुरणं विकली, शेवटी घर विकलं, आणि विकायला काही उरलं नाही तेव्हा मरून गेला. इंग्लंडातून आलेल्या एका जोडप्याने ते घेतलं, रंगवलं, खोल्याखोल्यांना न्हाणीघरं जोडली आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. झोपायला मऊ गादी, सकाळी भरपेट न्याहारी, आणि खिडकीतून दिसणारा डोंगर फुकट.

"तिला घरी जायचंय ना? मग मी तिला घरी नेतो," इद्वल लेकीला म्हणाला.

लेक डेलिथ. शाळेत शिकवते, आणि बापाशी बोलतानाही समोर तिसरीचा वर्ग बसलाय अशी बोलते. पण मनाने वाईट नाही. आईचं सगळं तीच बघत होती. जिल्ह्याच्या गावी अशा स्मरण हरवलेल्या माणसांसाठी एक चांगलं घर आहे, स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत, तिथे तिने खटपट करून आईसाठी जागा मिळवली होती. सोमवारी न्यायचं ठरलं होतं. मागच्या महिन्यात नेस्ता सपाता घालून मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या मधोमध उभी सापडली होती. त्यानंतर डेलिथ ऐकेना.

"बाबा, ते आता हॉटेल आहे."

"भिंती त्याच आहेत ना? जिना तोच आहे ना?"

"आणि ती तिथेही अशीच ओरडत राहिली तर?"

"नाही ओरडणार. अगं, ज्याच्यासाठी ओरडते तेच दिलं तर कशाला ओरडेल?" इद्वलला वाटलं आपण बिनतोड बोललो. "दोन दिवस दे मला. शनिवार आणि रविवार. शांत राहिली तर दर महिन्याला नेऊन आणीन मी तिला. मग मधले दिवस काढेल ती. नेस्ताला कुठे पाठवायचं नाही, डेलिथ. माझ्या डोळ्यांदेखत नाही."

डेलिथने कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक आहे. शांत राहिली तर मी त्या लोकांना नको म्हणून सांगते. पण नाही राहिली, तर सोमवारी तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही. कबूल?"

"कबूल," इद्वल म्हणाला. त्याला हरायची भीतीच नव्हती, तेव्हा कबूल म्हणायला त्याचं काय जात होतं.

शनिवारी पाऊस होता, म्हणजे नेहमीचाच. गाडी दरीतून वर चढायला लागली तशी नेस्ता सीटवर सावरून बसली. बोळ अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी झुडपं काचेला घासायला लागली, आणि तिने बोट दाखवलं. "हा पेंट्रेवाल्यांचा गोठा." इद्वलने ब्रेकवर पाय ठेवला. गोठ्याचं छप्पर गेलं होतं, आत रान माजलं होतं, पण गोठा पेंट्रेवाल्यांचाच होता. "इथे मॉरिसची कुत्री अंगावर यायची. सायकलवरून जाताना पाय वर घ्यायचे." कालपरवा जिला स्वतःच्या लेकीचं नाव आठवत नव्हतं, ती वळणावळणाला घरं आणि माणसं सांगत होती. इद्वलचे डोळे भरून आले. रस्ता दिसेना म्हणून त्याने वायपर जोरात केले आणि मग त्याला स्वतःचंच हसू आलं.

ब्रिनकेलिनच्या फाटकाशी दुधाचा जुना कॅन ठेवून त्यात जांभळी फुलं लावली होती. इद्वलने उभी हयात असले कॅन गाडीत चढवले, त्यापायी कंबर गेली. आता त्यात फुलं लावतात. लावोत बापडे. त्याचं लक्ष नेस्ताकडे होतं. गाडी थांबायच्या आत तिचा हात दाराच्या मुठीवर होता.

ती उतरली आणि चालायलाच लागली. पाऊस नाही बघितला, त्याची वाट नाही बघितली. घराच्या पुढून डावीकडे वळसा घालून, मागच्या अंगणाकडे. पायच नेत होते तिला. लहानपणापासून लग्न होऊन जाईपर्यंत रोज ज्या वाटेने आत गेली तीच वाट.

तेवढ्यात समोरचं मोठं दार सताड उघडून घराची मालकीण बाहेर आली. गिल तिचं नाव. छत्री उघडून पायरीवर उभी राहून ती हात हलवत होती. "या, या, भिजताय कशाला? इकडून या." आता इद्वल असा माणूस, की दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी थँक यू म्हणून घरी घेऊन येणार. एक बाई आपल्यासाठी पावसात उभी आहे आणि आपण तिला पाठ दाखवून घराच्या मागे जायचं, हे त्याला सुचणंच शक्य नव्हतं. धावत जाऊन त्याने नेस्ताचं कोपर धरलं. "अगं तिकडून नाही, इकडून. त्या बाई बोलावतायत बघ." आणि तिला वळवली.

चूक झाली ती इथे. त्या गाढवाच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

पायरीशी नेस्ता थबकली. तिने त्या उघड्या दाराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग इद्वलच्या तोंडाकडे. मग तिने कोटाची वरची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला, बूट नीट पुसले आणि त्याचा हात धरून अगदी सावकाश आत गेली. ओढाताण नाही, आरडाओरडा नाही. पुढच्या खोलीत शेगडीजवळच्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसली आणि मांडीवर हातांची घडी घातली. गिलने कोट मागितला तेव्हा फक्त मान हलवली. चहा आणला तेव्हा हळू आवाजात थँक यू म्हणाली.

"किती गोड आहेत हो तुमच्या मिसेस," गिल म्हणाली. या बाईला शिव्या द्याव्यात असं आम्हा डोंगरातल्या लोकांना फार वाटतं. आमच्या घरांत येऊन आमच्या भिंती राखाडी रंगवतात आणि उशांवर मेंढ्यांची चित्रं भरतात. पण गिलला द्यायच्या म्हटल्या तरी तोंडात येत नाहीत, इतकी भली बाई.

इद्वल वाट बघत राहिला. आता उठेल, आता दाराकडे जाईल. नेस्ता हलली नाही. मग तो बोळकांडात गेला आणि त्याने डेलिथला फोन लावला.

"शांत आहे," तो म्हणाला. "अगं, हाताची घडी घालून बसलीय. घरी चल म्हणून एकदाही म्हणाली नाही."

"खरंच, बाबा?"

"म्हटलं नव्हतं मी?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळलं की ती रडतेय. "उद्या सकाळी मी फोन करते," ती म्हणाली. "अशीच असली तर मग नाही पाठवायचं. मला काय हौस आहे का तिला पाठवायची?"

इद्वलचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळभर तो तिच्या शेजारी बसून होता. मध्येच ती त्याच्याकडे झुकून कानात बोलायची, जुन्या दिवसांसारखी.

"कधी हलवायचं ठरलंय?"

"परवा सकाळी निघायचं."

"परवा?" तिने भुवया चढवल्या. "एवढे दिवस ठेवणार?"

"दोनच दिवस गं. फार नाहीत."

"हवा गार आहे म्हणून बरं," नेस्ता म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "अजून कोण कोण यायचंय?"

"एक जोडपं आहे म्हणे. डोंगरात फिरायला आलेत."

"फिरायला," ती म्हणाली आणि तोंड वाकडं केलं. "असल्या वेळी. लोकांना लाज म्हणून उरली नाही."

इद्वल खुदकन हसला. ही खरी नेस्ता. जिभेला धार होती बाईच्या, लग्नात पाद्र्यालासुद्धा सोडलं नव्हतं. तिने डोळे वटारले म्हणून त्याने हसू आवरलं. झोपायला वर मात्र ती येईना. "वर नको. वर असताना कसं झोपायचं?" म्हणाली. इद्वलला वाटलं, जिन्याची भीती वाटत असेल. गिलने पांघरुणं आणून दिली आणि नेस्ता कोटासकट खुर्चीतच झोपली. झोपली ना, मग झालं तर. इद्वल कोचावर आडवा पडून पुढच्या महिन्याचे बेत करत होता.

सकाळी न्याहारीला ते फिरणारं जोडपं खाली आलं. तरुण होती दोघं, गुडघ्यापर्यंत लाल मोजे, गालही तसेच. काल ओढा ओलांडताना नवरा घसरून कसा बसकण मारून पडला ते बायको गिलला सांगत होती आणि दोघं टेबलावर थाप मारून हसत होती. हसण्यासारखंच होतं. इद्वलही हसणार होता. तेवढ्यात नेस्ता उठली, त्यांच्या टेबलापाशी गेली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला काही लाज आहे का? वर माणूस पडलाय, आणि तुम्ही खुशाल खिदळताय."

तो तरुण उडालाच. "कुठे पडलाय? कोण पडलंय?" म्हणत त्याने खुर्ची लोटली आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावला. त्याची बायको त्याच्यामागे, आणि हातातल्या झाऱ्यासकट गिल तिच्यामागे. वर दारं उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज यायला लागले. नेस्ता शांतपणे जागेवर येऊन बसली.

"आत्ता कशाला जायचं सगळ्यांनी वर?" ती इद्वलला म्हणाली. "पेटी खाली आणतील तेव्हा बघतीलच की."

इद्वलच्या हातातला काटा तसाच राहिला.

आमच्या डोंगरात घराचं पुढचं दार कुणी वापरत नाही. येणंजाणं सगळं मागून, अंगणातून, स्वयंपाकघरातून. टपालवाला, डॉक्टर, जावई, सगळे मागच्या दाराने. पुढचं दार असतं ते मयताला. पेटी तिथून जाते, आणि तिच्यासाठी आलेले लोक तिथून येतात. एरवी ते इतकं बंद असतं, की पावसाने फुगून बसतं, आणि घरात कुणी गेलं की आधी सुताराला बोलवावं लागतं रंधा घेऊन. ब्रिनकेलिनच्या त्या दारातून इद्वल उभ्या जन्मात दोनदा आत गेला होता. सासऱ्याच्या वेळी आणि सासूच्या वेळी. दोन्ही वेळा नेस्ता त्याच खुर्चीवर, तशीच ताठ, हातांची घडी घालून बसली होती.

बाई घरी आली होती. स्वतःच्या पायांनी मागच्या दाराकडे निघाली होती. कोपर धरून तिला वळवली कुणी, तर त्याने. दीड वर्ष ज्याच्यासाठी ती रडली त्या घरात त्याने तिला नेलं ते मयताला आलेल्या माणसासारखं, आणि वर लेकीला फोन करून सांगितलं, शांत आहे. शांत असेल नाही तर काय. मयताच्या घरात कुणी मला घरी न्या म्हणून ओरडतं का?

खिशात फोन थरथरायला लागला. डेलिथ. त्याने तो वाजू दिला.

गिल धापा टाकत खाली आली तेव्हा तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मला हिला मागच्या दाराने आत आणायचंय," तो म्हणाला. "एकदाच. स्वयंपाकघरातून."

"अहो, तिथे नुसता पसारा आहे. पाहुण्यांना आम्ही तिकडे..." गिलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. "आणा," ती म्हणाली. "आणा तुम्ही. मी कडी काढते."

तो नेस्ताला बाहेर घेऊन गेला. पाऊस थांबला होता. घराला वळसा घालून मागच्या अंगणात येईपर्यंत त्याने तिला हातही लावला नाही, फक्त बरोबर चालत राहिला. अंगणातल्या फरशा त्याच होत्या. दारही तेच, वरचा अर्धा भाग वेगळा उघडणारा. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला, आणि त्या खळग्यात नेस्ताचा पाय न बघता पडला.

स्वयंपाकघरात सगळं स्टीलचं चकचकीत झालं होतं, पण जुनी शेगडी गिलने ठेवली होती आणि लांब टेबल खिडकीशी होतं तसंच होतं. नेस्ता उभी राहिली. तिने मोठा श्वास घेतला. आणि मग तिने कोट काढला. स्वतःहून. दीड वर्षात झोपतानासुद्धा तिचा कोट काढायचा म्हणजे दोघांची झटापट व्हायची. तिने तो भिंतीवर, जिथे तिच्या वेळी खुंट्या होत्या आणि आता आग विझवायचं लाल नळकांडं टांगलंय, त्याच्या डोक्यावर अडकवला.

"आलीस घरी?" इद्वलने विचारलं.

"आले," नेस्ता म्हणाली. "यायलाच हवं. पाव कुठाय?"

गिलने गुपचूप पाव पुढे केला. नेस्ताने बाह्या दुमडल्या, पाव छातीशी धरला, कापलेल्या अंगावर आधी लोणी फासलं आणि मग सुरी आपल्याकडे ओढत अशी पातळ चकती काढली की तिच्यातून खिडकी दिसावी. दुसरी. तिसरी. जिला सकाळी मोजा कुठल्या पायात घालायचा ते सांगावं लागतं, ती. "आमच्याकडे असंच," ती गिलला इंग्रजीत म्हणाली. "आधी लोणी, मग सुरी. नाहीतर मोडतो." गिल तोंडावर हात ठेवून बघत होती.

इद्वलला वाटलं, जमलं. चूक झाली होती, सुधारली. एवढ्या वेळात नेस्ताच्या चेहऱ्यावर रंग आला होता. ती ओठातल्या ओठात काही गुणगुणत होती. फोन पुन्हा थरथरला तेव्हा त्याने तो झटकन कानाला लावला.

"डेलिथ, ऐक. कोट काढला तिने. आपल्या हाताने काढला. ती आत्ता..."

"अहो, तुम्ही पुढे जाऊन बसा बरं," नेस्ता म्हणाली. मान वर न करता, पण त्यालाच. "पुरुष माणसांचं इथे काय काम? तुम्ही सगळे कबरीवर जाऊन आलात की इथे सगळं तयार असेल."

इद्वलने फोन कानावरून खाली घेतला. बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"नेस्ता," तो म्हणाला, "कोण गेलंय गं?"

आई म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. नाहीतर बाप. आईचं दुःख पुन्हा नव्याने झालं, तर तेही त्याने तिच्याबरोबर काढलं असतं.

"असं काय विचारता?" ती म्हणाली. "माझा नवरा. इद्वल."

गिलला वेल्श कळत नव्हतं. पण नाव कळलं. ती हळूच मागे सरकली.

"तुम्ही ओळखायचात का त्याला?"

"थोडाफार," इद्वल म्हणाला.

"दुधाची गाडी घेऊन यायचा. याच दाराशी. कॅन उचलायला असा किती वेळ लागतो? पण हा पठ्ठ्या गेला म्हणून कधी जायचाच नाही. आईला वाटायचं, बिचाऱ्याची गाडी बिघडते." नेस्ता हसली. किती दिवसांनी हसली. "गाणं म्हणायचा मला हसवायला. आवाज म्हणाल तर बोक्याचा. पण माणूस सोन्यासारखा होता हो. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही त्याने. कधी म्हणजे कधीच नाही."

"असेल," इद्वल म्हणाला.

"असेल काय, होता." तिने सुरी थांबवली आणि आवाज खाली आणला. "तो नव्हता ना, म्हणून माझे हाल झाले. तिकडे गावात एक म्हातारा आहे. त्याने मला कोंडून ठेवलं होतं. दाराला कुलूप लावतो. मी आपली रडते, पाया पडते, मला घरी जाऊ द्या म्हणते, तर म्हणतो हेच घर. रोज. मी त्याला मारलंसुद्धा. इद्वल असता तर त्याची हिंमत झाली असती का? हाडं मोडली असती इद्वलने त्याची."

टेबलाची कडा धरून इद्वल उभा होता. फोनमधून डेलिथचा बारीक आवाज येत होता, बाबा, बाबा म्हणून.

"नेस्ता, माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "अगं, मीच आहे. मी इद्वल."

तिने पाहिलं. नीट पाहिलं, केसांपासून बुटांपर्यंत, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो आत्ताच आलेला रंग जायला लागला. तिने पाव छातीशी घट्ट धरला आणि एक पाऊल मागे सरकली. इद्वलला ती नजर पाठ होती. रोज कुलूप लावताना तो तीच बघायचा. अजून एक शब्द बोललो तर हिला तो म्हातारा दिसेल, हे त्याला कळलं.

"चुकलो," तो घाईने म्हणाला. "माफ करा. माझंही नाव इद्वलच आहे. तेवढंच सांगत होतो."

नेस्ताचे खांदे सैल झाले. "असं होय," ती म्हणाली. "आमच्या भागात पुष्कळांचं असतं." आणि पुन्हा पावाला लोणी लावायला लागली.

इद्वलने फोन पुन्हा कानाला लावला. "ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं," डेलिथ म्हणाली. तिचा शाळेतला आवाज पार गेला होता. "बाबा, ती आजारी आहे. ती तुमच्याबद्दल नाही बोलत."

"माझ्याबद्दलच बोलतेय." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "उद्या ने तिला. मी मध्ये बोलणार नाही. तिथे कुणीतरी दुसरं कुलूप लावेल, निदान मी तरी नसेन."

त्याने फोन खिशात टाकला. काय बोलायचं, कुठे उभं राहायचं, काही कळेना. पाहुणा म्हणून आलेला माणूस, त्याला स्वयंपाकघरात काम नाही, आणि पुढच्या खोलीत जाऊन स्वतःच्या मयताला बसायचं म्हणजे अतीच झालं. नेस्ताने चकत्यांची चळत रचली होती. ती त्याच्याकडे बघत होती, दयेने.

"तुमच्या घरी कोण असतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"बायको?"

इद्वलने मान हलवली.

"मग संध्याकाळी चूल कोण पेटवणार," नेस्ता म्हणाली. तिने चार चकत्या घेतल्या, लोण्याला लोणी लागेल अशा एकावर एक ठेवल्या, कागदी रुमालात नीट गुंडाळल्या आणि कडा आत खोचल्या. टेबलाला वळसा घालून ती आली आणि ती पुडी तिने त्याच्या हातात दिली. वर त्याच्या निळ्या डागांवरून हात फिरवला. "कुठे आपटलात?"

"दाराला," इद्वल म्हणाला.

"जपून असावं," ती म्हणाली. "तुम्ही आलात, बरं वाटलं. त्यालाही वाटलं असतं."

"येतो," इद्वल म्हणाला. पुडी घेऊन तो मागच्या अंगणात गेला आणि ओल्या फरशीवर उभा राहिला. गाडी पुढे होती, किल्ली खिशात होती, पण बायकोला आत ठेवून जायचं कुठे ते त्याला माहीत नव्हतं.